नॅनोकणांची फिल्म पाहण्याआधी रिकामं पाणी मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातल्या एका महाविद्यालयात नुकतीच पीएच.डी. सुरू केलेल्या विद्यार्थ्याने साधारण ५ नॅनोमीटर व्यासाचे सोन्याचे कण तयार केले आहेत. कणांवर ओलिलअमीनचं, म्हणजे लांब तेलकट शेपटीच्या एका रेणूचं, आवरण आहे आणि ते हेक्झेन या झटकन उडणाऱ्या तेलकट द्रवात आहेत. पेट्री डिशमधल्या पाण्यावर थेंब सोडायचा, हेक्झेन उडालं की वर राहिलेली फिल्म टीईएमच्या, म्हणजे आरपार पाहणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या, बारीक जाळीवर (ग्रिडवर) उचलायची, ही त्याची पद्धत. मार्चमध्ये षटकोनी मांडणीचे सुरेख फोटो मिळाले. जुलैत तोच नमुना आणि तीच पद्धत असूनही फिल्मभर गोल भोकं आणि कणांच्या तुटक साखळ्या दिसल्या. अनुदानाच्या पैशातून एएफएम (बारीक सुईने पृष्ठभाग चाचपणारा सूक्ष्मदर्शक) घ्यावा की चांगला एसईएम (पृष्ठभाग दाखवणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक), असं तो विचारतो. नागपुरात राहून हा विषय नीट करता येईल का, हेही त्याला जाणून घ्यायचं आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: येईल, आणि चांगला करता येईल. पहिल्याचं उत्तर: सध्या दोन्ही नको. एएफएम आणि एसईएम दोन्ही तुम्हाला सुकलेली, उचललेली फिल्म दाखवतील. तुम्हाला समजून घ्यायचं आहे ते कण पाण्यावर असताना एकमेकांजवळ कसे आले हे. उचलताना आणि सुकताना फिल्मचं जे होतं ते फोटोत मिसळून येतं, आणि मग कुठला भाग पाण्यावर घडला आणि कुठला ग्रिडवर, हे कितीही महागडा सूक्ष्मदर्शक सांगू शकत नाही. शिवाय ज्या पाण्यावर हे सगळं चाललं आहे त्या पाण्याचं तुमच्याकडे एकही मोजमाप नाही. मी बरीच वर्षं लँगम्यूर ट्रफवर, म्हणजे पाण्यावरचा थर सरकत्या पट्ट्यांनी दाबून मोजायच्या उथळ पात्रावर, काम करते. या विषयात बहुतेक गोंधळ कणांचा नसून पाण्याचा असतो, हे माझं ठाम मत आहे.

पण आधी कण आणि साधा रेणू यांच्यातला फरक पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

साबणाचा रेणू पृष्ठभागावर येतो, थोडा वेळ राहतो, परत पाण्यात जातो. ही ये-जा सतत चालू असते, म्हणून तो थर काही वेळाने समतोलाला पोचतो आणि कुठल्या वाटेने पोचला याला फारसं महत्त्व राहत नाही. नॅनोकणाचं तसं नाही. कण आंतरपृष्ठावर, म्हणजे दोन द्रवांच्या सीमेवर, बसला की त्याने झाकलेला तेल-पाण्याचा तेवढा तुकडा नाहीसा होतो आणि तितकी ऊर्जा वाचते. कण तिथून उपटायला लागणारी ऊर्जा काढायची तर पाय (३.१४) गुणिले त्रिज्येचा वर्ग, गुणिले आंतरपृष्ठताण, गुणिले १ मधून स्पर्शकोनाचा कोसाइन वजा करून आलेल्या संख्येचा वर्ग. स्पर्शकोन म्हणजे पाण्याची कड कणाला ज्या कोनात भेटते तो; तो जितका लहान, तितका कण पाण्याला धार्जिणा. आंतरपृष्ठताण ५० मिलिन्यूटन प्रति मीटर आणि स्पर्शकोन ९० अंश धरा. त्रिज्या १ नॅनोमीटर असेल तर ही ऊर्जा खोलीच्या तापमानाला असलेल्या उष्णतेच्या धक्क्याच्या, म्हणजे केटीच्या, जेमतेम ३८ पट येते. त्रिज्या २.५ नॅनोमीटर, म्हणजे तुमचे कण, तर २४० पट. त्रिज्या ५ नॅनोमीटर केली की ९५० पट. असा कण आपणहून सुटत नाही.

आता स्पर्शकोन ९० ऐवजी ३० अंश करून तेच गणित पुन्हा करा. २४० चे चारच उरतात. सायट्रेटने झाकलेले सोन्याचे कण पाण्याला इतके धार्जिणे असतात की ते सहसा आंतरपृष्ठावर येतच नाहीत. त्यात थोडं इथेनॉल घातलं की ते हेक्झेनसारख्या तेलाच्या आणि पाण्याच्या सीमेवर चकचकीत सोनेरी थर करून बसतात. २००४ मध्ये हे दाखवलं गेलं आणि आज कुठल्याही प्रयोगशाळेत अर्ध्या तासात करून पाहता येतं. कणाचा आकार बदललेला नसतो, आवरणाचा भार आणि स्पर्शकोन बदललेला असतो. हे सूत्र कणाला गुळगुळीत गोळी मानतं आणि लिगँडच्या, म्हणजे आवरणातल्या रेणूंच्या, शेपट्यांचा विचार करत नाही, त्यामुळे आकडे अंदाजी आहेत. पण अंदाज पुरेसा आहे. त्यातून कळतं ते असं की तुमचे कण एकदा बसले की पुन्हा मांडणी सुधारायला त्यांना फारशी संधी नसते. थेंब किती वेगाने सोडला, हेक्झेन किती वेगाने उडालं, त्या क्षणी पाण्यावर आणखी काय होतं, हे सगळं फिल्ममध्ये कायमचं उमटतं. म्हणून मार्च आणि जुलै वेगळे आले. तुमच्या हातात दोष नव्हता.

आता पाणी.

या शास्त्राची सुरुवात एका घरातल्या स्वयंपाकघरात झाली असं म्हटलं तर ते अक्षरशः खरं आहे. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावात राहणाऱ्या अॅग्नेस पॉकेल्स यांना विद्यापीठात शिकता आलं नाही. आईवडिलांची सेवा आणि घरकाम सांभाळून त्यांनी एक पत्र्याचं उथळ पात्र काठोकाठ पाण्याने भरून वर आडवी पट्टी सरकवायची सोय केली आणि पृष्ठभागाचा ताण लहानशा तराजूने मोजला. पट्टी सरकवून पृष्ठभाग झाडून स्वच्छ करायचा, हेही त्यांनीच बसवलं. १८९१ मध्ये त्यांनी ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेली यांना पत्र लिहिलं. रेलींनी ते 'नेचर' या विज्ञान साप्ताहिकाकडे पाठवलं आणि १२ मार्च १८९१ च्या अंकात ते छापून आलं. त्या पत्रातला माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग किती सहज मळतो आणि मळलेला पृष्ठभाग किती वेगळा वागतो, याची त्यांनी घेतलेली नोंद. पुढे अर्विंग लँगम्यूर यांनी १९१७ मध्ये याच धर्तीच्या पात्रावर स्निग्धाम्लांचे (तेल-चरबीतल्या लांब शेपटीच्या आम्लांचे) थर मोजले आणि दाखवलं की शेपटी लांब असो वा आखूड, घट्ट दाबलेल्या थरात प्रत्येक रेणू जवळपास तेवढीच जागा घेतो, म्हणजे रेणू उभे राहतात. १९३२ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना पृष्ठरसायनासाठी मिळालं. कॅथरिन ब्लॉजेट यांनी असे थर काचेवर एकावर एक चढवायचं तंत्र पक्कं केलं. पण मूळ गोष्ट पॉकेल्स यांची: आधी रिकामा पृष्ठभाग.

रिकामं पाणी मोजायचं म्हणजे काय ते सांगते, कारण हे पुस्तकात दोन ओळींत उरकलेलं असतं. टेफ्लॉनचा ट्रफ क्लोरोफॉर्म आणि इथेनॉलने पुसून, भरपूर शुद्ध पाण्याने धुऊन, काठाच्या किंचित वर येईल इतकं पाणी भरायचं. विल्हेल्मी प्लेट, म्हणजे पृष्ठताण मोजायला पाण्यात टेकवलेली पातळ पट्टी, लावायची. प्लॅटिनमची असेल तर ज्योतीत लाल करून, नसेल तर फिल्टर पेपरची नवी पट्टी. काहीही न सोडता बॅरियर (सरकत्या पट्ट्या) पूर्ण आत आणायचे. क्षेत्रफळ कमी होत गेलं तरी पृष्ठदाब, म्हणजे स्वच्छ पाण्याच्या तुलनेत पृष्ठताणात झालेली घट, हलायला नको. शेवटपर्यंत तो ०.१ ते ०.२ मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आत राहिला तर पाणी चाललं. वर गेला तर पाश्चर पिपेट पंपाला जोडून बॅरियरच्या मधला पृष्ठभाग खेचून घ्यायचा, बॅरियर उघडायचे आणि पुन्हा तेच. कधी कधी सबंध सकाळ यातच जाते, आणि ती सकाळ वाया गेली असं मानू नका.

शुद्ध पाण्याच्या यंत्रावर १८.२ मेगाओम सेंटीमीटर आकडा दिसला की लोक निर्धास्त होतात. तो आकडा आयनांबद्दल बोलतो. तेलकट, भाररहित रेणू त्याला दिसत नाहीत, आणि आपल्याला त्रास देतात ते नेमके तेच. यंत्र नसेल तर अल्कधर्मी परमँगनेटवरून काचेच्या उपकरणात पुन्हा ऊर्ध्वपातन केलेलं पाणी वापरा. जुनी पद्धत आहे, पण सेंद्रिय मळ जाळायला ती उत्तम आहे. नळाचं पाणी पेंचचं असो की कन्हानचं, ते किंवा घरच्या आरओचं पाणी शेवटच्या धुण्यालासुद्धा नको. कॅल्शियमचे थोडेसे आयनही स्निग्धाम्लाचा थर ताठ करतात आणि आयसोथर्म, म्हणजे क्षेत्रफळ आणि पृष्ठदाबाचा आलेख, दिशाभूल करतो.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट लिहिलेली नाही, पण मला शंका येते: थेंब कशाने सोडता? डिस्पोजेबल प्लास्टिकच्या सिरिंजने असेल तर आजच बंद करा. तिच्या नळीला आणि रबरी दट्ट्याला सिलिकॉन तेल लावलेलं असतं. हेक्झेन ते सहज उचलतं आणि ते पाण्यावर झरझर पसरतं. काचेची मायक्रोलिटर सिरिंज घ्या. नमुना प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये ठेवू नका. हातमोजे घातले तरी मोजे लावलेलं बोट ट्रफच्या काठाला लागू देऊ नका.

यंत्र हाताशी येईपर्यंत एक जुनी घरगुती चाचणी आहे. देवघरातल्या कापराचा कण स्वच्छ पाण्यावर टाकला की तो गरगर फिरतो. पाण्यावर पुरेसा तेलकट थर असेल तर तो थांबतो. रेलींनी हीच चाचणी १८९० च्या सुमारास वापरली होती. ती भरड आहे: पृष्ठताण चौथ्या हिश्श्याहून अधिक उतरल्यावरच कापूर पूर्ण थांबतो, म्हणून कापूर फिरला याचा अर्थ पाणी आपल्या कामापुरतं स्वच्छ आहे असा नाही. पण कापूर थांबला तर ते पाणी नक्की फेकून द्या. आणि कापूर टाकलेलं पाणीही फेकूनच द्या, त्यावर प्रयोग करू नका.

आता नागपूरची हवा. याबद्दल मला मनापासून लिहायचं आहे, कारण आपल्याकडचे विद्यार्थी थंड देशातल्या प्रयोगशाळांच्या पद्धती जशाच्या तशा उतरवतात आणि मग स्वतःलाच दोष देतात.

एप्रिल-मे महिन्यात दुपारची हवा इतकी कोरडी असते की उघड्या पाण्याचं बाष्पीभवन होऊन पाणी खोलीपेक्षा कितीतरी थंड होतं. माठात होतं तेच ट्रफमध्ये होतं. भिंतीवरचा तापमापक ३८ दाखवत असेल तेव्हा ट्रफमधलं पाणी त्याहून बरेच अंश खाली असू शकतं. म्हणून तापमापक पाण्यात बुडवा, नोंदवहीत तोच आकडा लिहा. पाण्याचा पृष्ठताण २० अंश सेल्सियसला ७२.८ आणि ४० अंशांना ६९.६ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो, म्हणजे दर अंशाला साधारण ०.१६ ने उतरतो. आपण स्वच्छ पाण्यासाठी सीमा ठेवली ०.२. म्हणजे प्रयोग चालू असताना पाणी दीड अंशाने सरकलं तरी ती सीमा ओलांडली जाते आणि तुम्ही त्याला कणांचा परिणाम समजता. शिवाय पाण्याची पातळी उतरली की प्लेट कमी बुडते, तिच्यावरचा वर ढकलणारा जोर घटतो आणि पृष्ठदाब आहे त्यापेक्षा कमी दिसायला लागतो. नवतप्यात सलग दोन-तीन तासांचा आयसोथर्म घ्यायचा असेल तर तापमान राखणारं पाणी ट्रफच्या बुडाखालून फिरवा आणि ट्रफवर अॅक्रिलिकची पेटी ठेवून आत ओल्या फिल्टर पेपरच्या पट्ट्या लावा.

कूलर बंद. हे माझ्या प्रयोगशाळेत वाटाघाटीचं नाही. कूलरच्या झोतात पाण्याच्या पृष्ठभागावर लाटा उठतात हे कारण आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे पॅडमधली धूळ, शेवाळ आणि पंपाच्या आसपासचं वंगण तुषारांबरोबर खोलीभर जातं. उन्हाळ्यात कूलर बंद ठेवणं जमत नसेल तर ट्रफचं काम पहाटे करा. सकाळी सात-आठपर्यंत खोली सुसह्य असते, रस्त्यावरची वाहतूक कमी असते, आणि कंपनंही कमी मिळतात. कंपन रोखायला जाड कडप्प्याची फरशी हवा भरलेल्या ट्यूबवर ठेवली तरी बरंच काम होतं.

पावसाळ्यात गणित उलटं होतं. हेक्झेन किंवा क्लोरोफॉर्म उडताना द्रवाचा पातळ थर झपाट्याने थंड होतो. हवा दमट असेल तर त्या थंड थरावर हवेतली वाफ जमून बारीक थेंब बसतात. थेंब एकमेकांत मिसळत नाहीत, कण त्यांच्याभोवती गोळा होतात, शेवटी पाणीही उडतं आणि मागे गोल भोकं राहतात. बहुवारिकांच्या (पॉलिमरच्या) फिल्ममध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळी मुद्दाम याच मार्गाने केली जाते. तुमची जुलैतली भोकं ही असण्याची दाट शक्यता आहे. दाट म्हणते, नक्की म्हणत नाही, कारण आणखी दोन कारणांनी अगदी अशीच भोकं पडतात. एक म्हणजे कणांबरोबर आलेलं मोकळं ओलिलअमीन पाण्यावर स्वतःची बेटं करतं आणि कण त्या बेटांच्या बाहेर ढकलले जातात. ग्रिडवर ती बेटं दिसत नाहीत, फक्त रिकामी जागा दिसते. दुसरं म्हणजे फिल्म पाण्यावर अखंड असते, पण ग्रिडवर उचलल्यावर खाली अडकलेलं पाणी सुकताना फाटते. तिन्ही वेगळी करता येतात. नायट्रोजन भरलेल्या पेटीत तोच प्रयोग केला आणि भोकं गेली, तर हवेतली वाफ दोषी. कण इथेनॉलने अवक्षेपित करून, सेंट्रिफ्यूज करून, पुन्हा हेक्झेनमध्ये घेऊन भोकं कमी झाली, तर मोकळं लिगँड दोषी. दोन्हीने फरक पडला नाही पण ग्रिडचं पृष्ठ किंवा सुकवायची पद्धत बदलल्यावर पडला, तर उचलणं दोषी. हे तीन प्रयोग एका आठवड्यात होतात आणि त्यांना कुठलंही नवं उपकरण लागत नाही.

मोकळ्या लिगँडवर थोडं थांबते, कारण छापून आलेल्या कामातही इथे घसरण होते. तुमचा कण आवरणासकट शेजाऱ्यापासून साधारण ७ नॅनोमीटरवर बसत असेल, तर षटकोनी मांडणीत एका कणाच्या वाट्याला जवळपास ४२ चौरस नॅनोमीटर जागा येते. पाण्यावर उभा राहिलेला एक स्निग्ध रेणू ०.२ ते ०.३ चौरस नॅनोमीटर घेतो. म्हणजे एका कणामागे दीडशे-दोनशे मोकळे रेणू आले की पृष्ठभागाचा निम्मा भाग त्यांचाच झाला. आणि ५ नॅनोमीटरच्या कणावर बांधलेले रेणूच काही शेकडा असतात, त्यामुळे नीट न धुतलेल्या नमुन्यात एवढे मोकळे रेणू सहज सापडतात. ट्रफ त्या दोघांत भेद करत नाही, त्याला फक्त दाब कळतो. सुंदर, चढता आयसोथर्म मिळतो आणि तो बहुतांशी ओलिलअमीनचा असतो. म्हणून नुसतं ओलिलअमीन, नुसतं हेक्झेन आणि धुतलेल्या कणांवरून काढलेला वरचा द्रव, या तिघांचे आयसोथर्म आधी घ्या. ते ज्यात दिलेले नाहीत अशा कणांच्या आयसोथर्मवर मी फार विश्वास ठेवत नाही.

मात्र धुण्याचाही अतिरेक नको. जास्त धुतलं की आवरण विरळ होतं आणि कण एकमेकांना कायमचे चिकटतात. तुमच्या तुटक साखळ्या तशाही आलेल्या असू शकतात. शिवाय मोकळं लिगँड नेहमी शत्रूच असतं असंही नाही. २००६ मध्ये बिगिओनी आणि सहकाऱ्यांनी टोल्युइनच्या सुकणाऱ्या थेंबात सोन्याच्या कणांचे कमालीचे नीटनेटके एकपदरी थर (मोनोलेअर) मिळवले. त्यासाठी जास्तीचं डोडेकेनथायॉल लागत होतं, कारण त्यामुळेच कण थेंबाच्या वरच्या पृष्ठावर अडकत होते. मोकळं लिगँड किती आहे हे माहीत असणं महत्त्वाचं. शून्य असणं नव्हे.

ट्रफ बरोबर चालतो की नाही हे पाहायला कणांआधी स्टिअरिक आम्ल घ्या. क्लोरोफॉर्ममध्ये १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावणाचे २० मायक्रोलिटर सोडले तर साधारण ४.२ गुणिले १० चा १६ वा घात इतके रेणू पसरतात. २०० चौरस सेंटीमीटरच्या ट्रफवर प्रत्येकाला ०.४७ चौरस नॅनोमीटर मिळतात. क्लोरोफॉर्म उडायला दहा-पंधरा मिनिटं द्या, मग सावकाश दाबा. क्षेत्रफळ ८५ चौरस सेंटीमीटरच्या आसपास आल्यावर घट्ट थराची उभी चढण लागायला हवी, म्हणजे रेणूला ०.२ चौरस नॅनोमीटर. तुमचा आकडा ०.२५ किंवा ०.१५ आला तर कणांकडे जाऊच नका. द्रावणाची संहती, सिरिंज किंवा बॅरियरची गळती शोधा. अकरावीच्या भौतिकशास्त्रात पावडर टाकून ओलिक आम्लाच्या थराची जाडी काढत असत, तोच हा विचार आहे, फक्त तराजू बारीक आहे.

कणांच्या बाबतीत हे गणित तितकं सरळ राहत नाही. १ मिलिग्रॅम सोन्याचे ५ नॅनोमीटरचे कण केले तर सुमारे ७.९ गुणिले १० चा १४ वा घात इतके होतात आणि वरच्या हिशेबाने ३३० चौरस सेंटीमीटर झाकतात, म्हणजे ए-४ कागदाचा साधारण अर्धा भाग. पण व्यास मोजताना १० टक्के चुकलात की कणांची संख्या ३० टक्क्यांच्या आसपास चुकते, कारण वजनातून संख्या काढताना व्यासाचा घन येतो. म्हणून 'प्रति कण क्षेत्रफळ' असा आयसोथर्म काढताना त्रुटीचा पट्टा दाखवलाच पाहिजे. आणखी एक. कण दाट झाले की फिल्म घन पत्र्यासारखी वागते, तेव्हा विल्हेल्मी प्लेट बॅरियरला समांतर ठेवली तर एक आकडा आणि काटकोनात ठेवली तर दुसरा येतो. दोन्ही दिशांनी मोजा. फरक दिसला तर तो दडवू नका, फिल्म ताठ झाल्याचा तोच पुरावा आहे. सुईच्या टोकाला लटकत्या थेंबाच्या आकारावरून ताण काढायच्या पद्धतीतही हेच होतं: थेंब परत आत ओढताना कातडीला सुरकुत्या पडल्या की थेंबाच्या आकारावरून काढलेला ताण निरर्थक होतो.

लटकत्या थेंबाची पद्धत मी तुम्हाला आग्रहाने सुचवते, कारण ती स्वस्त आहे. काचेची सिरिंज, मागे पसरट उजेड देणारा एलईडी, मॅक्रो लेन्स लावलेला फोन, आणि थेंबाच्या कडेवरून ताण काढणारी मोफत सॉफ्टवेअर. हेक्झेनमध्ये पाण्याचा थेंब लटकवा आणि ताण वेळेनुसार कसा उतरतो ते पाहा. सुरुवातीची उतरण वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असेल तर कण नुसते पसरत पसरत पोचत आहेत. त्याहून मंद असेल तर पृष्ठाशी काही अडथळा आहे, बहुधा भाराचा किंवा आधीच बसलेल्या कणांचा. पाण्यावर असताना काय घडतं हे तुम्हाला पहिल्यांदा इथे दिसेल.

पाण्यावरची फिल्म डोळ्यांनी पाहायला ब्रूस्टर कोनाचा सूक्ष्मदर्शक लागतो. पाण्यावर ५३ अंशांच्या कोनात, योग्य ध्रुवणाचा लेझर टाकला की परावर्तन जवळजवळ शून्य होतं. तिथे फिल्म आली की तेवढाच भाग उजळतो. हे तंत्र १९९१ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे मांडलं. विकतचं उपकरण महाग आहे, पण भौतिकशास्त्र विभागातला लेझर, ध्रुवक आणि कॅमेरा घेऊन साधी आवृत्ती बांधता येते. तिची भेदनक्षमता काही मायक्रोमीटरची असली तरी पुरेशी आहे. तुमचे कण बहुधा दाबायच्या आधीच बेटं करून तरंगत असतील, कारण ते एकमेकांना ओढतात. ती बेटं तुम्हाला दिसतील, आणि बॅरियर कणांना दाबतात की बेटांना एकत्र ढकलतात हेही कळेल. तंतूवरून प्रकाश नेणारा स्पेक्ट्रोमीटर मिळाला तर तोही पृष्ठभागावर रोखा. सुट्या कणांचं शोषण ५२० नॅनोमीटरच्या आसपास असतं आणि कण जवळ आले की ते लाल बाजूला सरकतं. १९९७ मध्ये हीथ यांच्या गटाने चांदीच्या कणांचा मोनोलेअर ट्रफवर दाबत नेऊन तो धातूसारखा वागू लागतो आणि सोडला की परत येतो, हे असंच फिल्म पाण्यावर असतानाच दाखवलं.

मग बाहेर कुठे जायचं? नागपुरातल्याच व्हीएनआयटी (अभियांत्रिकी संस्था), नीरी (पर्यावरण संशोधन संस्था) आणि लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत आधी चौकशी करा. तेल आणि साबणाच्या रसायनाची लक्ष्मीनारायणमध्ये जुनी परंपरा आहे, पृष्ठताणावर बोलायला माणसं तिथे भेटतील. सार्वजनिक पैशातून घेतलेली उपकरणं कुठे आहेत ते आय-स्टेम पोर्टलवर शोधता येतं. टीईएमसाठी आयआयटी मुंबईची सैफ (सामायिक उपकरण केंद्र) सुविधा आहे. जुनं काम वाचायचं तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने ऑक्टाडेसिलअमीनच्या मोनोलेअरखाली ऋणभारित कण ओढून आणण्यावर केलेलं काम आणि बंगळुरूला सी. एन. आर. राव, जी. यू. कुलकर्णी यांनी टोल्युइन-पाण्याच्या सीमेवर थेट वाढवलेल्या फिल्म, हे दोन्ही वाचा. आपल्यासारख्या सोयींमध्ये काय शक्य आहे ते त्यातून कळतं.

इंदूरचं इंडस-२ सिंक्रोट्रॉन, म्हणजे तीव्र क्ष-किरणांचा स्रोत, आपल्याला जवळ आहे. निसटत्या कोनातल्या क्ष-किरण विकिरणातून कणांमधलं अंतर लाखो कणांवर सरासरीने मिळतं, ग्रिडवरच्या एका निवडलेल्या चौकोनातून नाही. मात्र द्रवाच्या पृष्ठासाठी किरण खाली झुकवावा लागतो आणि ती सोय प्रत्येक बीमलाइनवर (किरण वापरायच्या जागी) नसते. अर्ज करण्याआधी तिथल्या शास्त्रज्ञांना विचारा. सोय नसेल तर सिलिकॉनवर उचललेली फिल्म न्यावी लागेल, आणि मग उचलताना काय बदललं हा प्रश्न परत येतो. त्यासाठी उभं आणि आडवं, दोन्ही पद्धतींनी उचललेले नमुने न्या. दोन्हींत अंतर सारखं आलं तर ते पाण्यावरही तेच होतं असं म्हणायला आधार मिळतो.

अनुदानाचे पैसे कशावर घालवायचे ते आता सांगते. लहान ट्रफ, तापमान राखणारं सर्क्युलेटर, काचेच्या सिरिंज आणि शुद्ध पाण्याची सोय, या क्रमाने. उरले तर ब्रूस्टर मांडणीसाठी कॅमेरा. एएफएमचा विचार दुसऱ्या वर्षी करा, तोही तासाच्या दराने बाहेर वापरून. आणि इंदूरचा प्रस्ताव लिहाल तेव्हा रिकाम्या पाण्याचा, स्टिअरिक आम्लाचा आणि नुसत्या ओलिलअमीनचा आयसोथर्म त्यासोबत जोडा, प्रत्येकावर पाण्याचं तापमान आणि हवेतली आर्द्रता लिहून. हे तीन आलेख मे आणि ऑगस्ट दोन्ही महिन्यांत सारखे येत नसतील तर अर्ज एक सत्र पुढे ढकला.